कापली गेलेली चार अक्षरं

सर, नमस्कार.

तुमचं नाव इथं घेत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण हे चारचौघांत लिहायचं होतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या माझ्या फंक्शनचा पॅरामीटर (त्याला दिली जाणारी माहिती) मी व्हारकॅर(१०), म्हणजे जास्तीत जास्त १० अक्षरांचा मजकूर, असा लिहिला होता. त्याहून मोठा कोड दारातच अडेल, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात १४ अक्षरी कोड बिनबोभाट आत शिरायचे आणि पुढे टेबलात भरताना एरर यायची. तीन आठवडे विचारत फिरले. एक म्हणाले, तुमचा डेटाच घाण असणार. दुसऱ्यांनी नुसतं ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ म्हटलं. कुठलं पान, ते नाही. तिसऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, फंक्शनमध्येच कोड व्हारकॅर(१०)ला कास्ट करून टाका, म्हणजे त्या प्रकारात बदलून घ्या, एरर जाईल. एरर गेली. तिच्यासोबत प्रत्येक लांब कोडची शेवटची चार अक्षरंही गेली, आणि वेगवेगळे कोड एकसारखे होऊन बसले. तो राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही आधी मला एक काम दिलंत. ‘फंक्शनची व्याख्या डेटाबेसकडूनच परत मागवा आणि त्यात तुमचा १० शोधा.’ शोधला. नव्हताच. नुसतं कॅरॅक्टर व्हेरिइंग, म्हणजे व्हारकॅरचंच पूर्ण नाव. फंक्शन तयार होतानाच पोस्टग्रेस कंसातली लांबी टाकून देतं, रिटर्न टाइपची (फंक्शन परत देतं त्या उत्तराच्या प्रकाराची) सुद्धा. मग तुम्ही कास्टचं कोडं उलगडलंत: कॉलममध्ये भरताना अक्षरं जास्त झाली तर एरर येते, पण आपण स्वतः कास्ट लिहिला की तक्रार न करता कापायचं, हा एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकाचाच नियम. फंक्शनच्या दारात खरोखर पहारा हवा असेल तर लांबी तपासणारा चेक लावून डोमेन, म्हणजे आपला नियम जोडलेला डेटाप्रकार, बनवा आणि पॅरामीटरला तेच द्या, हेही तुम्हीच सांगितलंत.

एवढ्यावर तुमचं काम संपलं होतं. दोन दिवसांनी तुमची एक ओळ आली: ‘कापले गेलेले कोड परत मिळाले का?’

सर, ती ओळ वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. तोवर सगळे एररबद्दल बोलत होते. त्या चार अक्षरांचं काय झालं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तीच घेऊन रात्र रात्र जागत होते, आणि ते तुम्हाला न सांगता कळलं. समोरच्याचं नुकसान आपलं मानून चौकशी करणारी माणसं या कामात आहेत, म्हणून नवख्यांना टिकून राहावंसं वाटतं.

तेव्हा घाईत उत्तर दिलं नव्हतं, ते आज देते. मूळ फायली जपून ठेवलेल्या होत्या. टेबलाची मर्यादा १४ केली, डोमेनही तेवढंच. कोड पुन्हा भरले, एकेक ताडून पाहिला. शेवटची रांग काल संध्याकाळी जुळली. सगळे परत मिळाले, सर.

तुमची ऋणी,
फंक्शनवाली