हायब्रिडला सवलत नको, पार्किंगमध्ये प्लग द्या

प्रति,
माननीय वाहतूक मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सादर नमस्कार.

हायब्रिड गाड्यांवरचा कर कमी करा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनासोबत मोटर असलेली आणि काही वेळ नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी) नोंदणी कर माफ केला, मग गोव्याने का करू नये, असा तिचा सूर असतो. मी सध्या नव्या गाडीच्या शोधात आहे आणि बहुतेक हायब्रिडच घेईन. सवलत दिलीत तर पैसे माझेच वाचतील. तरी ती देऊ नका, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी घरचा हिशेब मांडते. मी फोंड्याला फ्लॅटमध्ये राहते, नोकरी पणजीत. आठवड्यातले निम्मे दिवस कदंबाच्या बसने जाते, उरलेले गाडीने. चवथीला आणि शिगम्याला सत्तरीतले मूळ घर, कधी चोर्ला घाटातून बेळगाव, वर्षातून एखादे वेळी कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन. सगळे मिळून वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी शंभर रुपये लिटर. साधी पेट्रोल एसयूव्ही आपल्या रस्त्यांवर लिटरला चौदा देते असे मानले, तर वर्षाला सुमारे ८५ हजार रुपये टाकीत जातात. त्याच आकाराच्या हायब्रिडची कागदावरची सरासरी २७.९७ आहे. कागदावरचे कागदावर ठेवून मी एकवीस धरते. म्हणजे ५७ हजार. वर्षाला वाचले २८ हजार. हायब्रिडसाठी दोन-अडीच लाख जास्त मोजायचे, ते वसूल व्हायला सात ते नऊ वर्षे. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे. निव्वळ पैशाकडे पाहून घरगुती माणसाने हायब्रिड घ्यावी असे यात काही नाही.

आता हाच हिशेब टॅक्सीला लावा. माझा मावसभाऊ पेडण्याचा, मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याची गाडी वर्षाला चाळीस हजार किलोमीटर सहज पळते. त्याचे वर्षाला ९५ हजार वाचतील आणि जादा रक्कम तीन वर्षांच्या आत फिटेल. शिवाय हायब्रिडचा खरा फायदा हळू चालणाऱ्या, थांबत-थांबत जाणाऱ्या वाहतुकीत. ब्रेक दाबला की मोटर जनित्र होते आणि वाया जाणारी ऊर्जा छोट्या बॅटरीत भरते. सिग्नलपासून निघताना, रांगेत सरकताना तीच वापरली जाते आणि इंजिन बंद राहते. म्हापसा, पर्वरी, कळंगुटची डिसेंबरातली रांग म्हणजे या गाडीला पंगतच. मोकळ्या हमरस्त्यावर एका वेगाने जाताना मात्र तिची फारशी कमाल दिसत नाही.

मग मी ईव्ही, म्हणजे फक्त बॅटरीवर चालणारी गाडी, का घेत नाही? खरे तर माझ्या वापराला ईव्हीच योग्य. घरी चार्ज केली तर शंभर किलोमीटरला साधारण सोळा युनिट लागतात. वर्षाला १९२० युनिट. घरगुती दर वरच्या स्लॅबने सहा रुपये धरला तरी साडेअकरा हजारांत वर्ष निघते. कुठे ५७ हजार आणि कुठे साडेअकरा! गोव्यासारख्या ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात रोजच्या कामासाठी बॅटरी संपेल ही भीतीही फोल आहे. बेळगावची फेरी जमवता येते. तीस युनिटची बॅटरी पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर रात्रभरात भरते.

तो प्लगच माझ्याकडे नाही.

आमच्या सोसायटीत गाड्या स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, उभ्या राहतात. माझ्या जागेशेजारी खांब आहे, खांबावर दिवा आहे, पण ती वीज सामाईक मीटरची. माझ्या मीटरपासून खाली वायर ओढायची परवानगी मागितली तर आधी समितीची बैठक, मग आगीची भीती, मग ‘एकाला दिले की सगळे मागतील’. (सगळ्यांनी मागावे हीच तर तुमच्या सरकारची इच्छा आहे ना?) केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, गाडीमालक आपल्या घरी किंवा कार्यालयात सध्याच्याच वीज जोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. त्याआधी २०१९ मध्ये नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय ठेवण्याची तरतूद आदर्श बांधकाम उपविधींत आली. कागदावर सगळे आहे. पण आमच्या चिटणीसांपुढे ठेवायला वीज खात्याचे एका पानाचे पत्र माझ्याकडे नाही.

राहता राहिले सार्वजनिक चार्जर. तिथे युनिटला वीस-बावीस रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी. तेवढेच १९२० युनिट मला पंचेचाळीस हजारांच्या पुढे पडतात. हायब्रिडच्या पेट्रोलपेक्षा सात ते बारा हजार कमी, आणि त्यासाठी चार्जरपाशी तासभर उभे राहायचे, चालू असेल तर. गेल्या पावसात एका ठिकाणी चार्जरवर बंद असल्याची चिठ्ठी होती, दुसऱ्या ठिकाणी त्याच्यासमोर डिझेलची गाडी लावून मालक जेवायला गेले होते.

म्हणजे ईव्हीचा सगळा फायदा ज्याच्या घरापुढे स्वतःचे अंगण आहे त्याचा. ज्याला अंगण आहे त्याला वीज सहा रुपयांनी, ज्याला नाही त्याला पंचविसाने. त्यातून सुटायला माझ्यासारखी हायब्रिड घेते. माझ्याकडे ते पैसे आहेत. ते नसणारा जुनी पेट्रोल गाडीच आणखी पाच वर्षे चालवणार. हायब्रिडच्या सवलतीचा पैसा माझ्या खिशात येण्यापेक्षा त्या स्टिल्टखालच्या खांबांवर खर्च व्हावा, एवढेच माझे म्हणणे.

सवलतीचा जुना अनुभवही आठवून पाहा. २०१५ मध्ये विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना आली, तेव्हा माइल्ड हायब्रिड डिझेल गाड्यांनाही अनुदान मिळाले. त्यांची मोटर इंजिनाला जरा हात लावते, चाके एकटीने फिरवत नाही. कंपन्यांनी त्या जोरात खपवल्या, आणि २०१७ मध्ये केंद्राला ते अनुदान काढून घ्यावे लागले. आज शोरूममध्ये ‘स्मार्ट हायब्रिड’ अशी पाटी लावून तसल्याच गाड्या उभ्या असतात.

प्रदूषणाचे म्हणाल तर हिशेब वाटतो तितका एकतर्फी नाही, आणि ईव्हीवाल्यांना हे आवडत नाही. आपल्या देशाच्या वीजजाळ्यातल्या, म्हणजे ग्रिडमधल्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सोळा युनिटचे सव्वाअकरा किलो. लिटरभर पेट्रोल जळले की २.३ किलो, म्हणजे हायब्रिडचे शंभर किलोमीटरला अकरा किलो, साध्या पेट्रोल गाडीचे सोळाच्या वर. तेल उपसून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा धूर यात धरला तर ईव्ही पुढे जाते, पण फार पुढे नाही. गोव्याला बहुतेक वीज बाहेरून येते, आणि त्यात कोळशाच्या विजेचा वाटा मोठा. वीजवाहिनी मोलेच्या जंगलातून न्यायची की नाही यावरून इथले तरुण रस्त्यावर उतरले होते. फरक पडतो तो गाडीच्या आयुष्यात. आज घेतलेली हायब्रिड दहा वर्षांनीही तितकेच पेट्रोल पिणार, ईव्ही मात्र ग्रिड सुधारेल तशी सुधारणार. आणि छपरावर सौरऊर्जा असेल तर वाट पाहायचीही गरज नाही. माझी १९२० युनिटे काढायला दीड किलोवॉटचे पॅनेल पुरते. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पण छप्पर सोसायटीचे, पार्किंग सोसायटीचे, आणि बैठक पुढच्या महिन्यात.

सीएनजीबद्दल थोडक्यात. दाभोळ-बंगळूर वायुवाहिनीचा फाटा गोव्यात आला आहे, पण पंप मोजके, रांग लांब, आणि टॅक्सीच्या डिकीत सिलिंडर बसला की पर्यटकाच्या बॅगा मांडीवर. एकट्यादुकट्याने फिरणाऱ्याला ठीक.

जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले होते की जानेवारी २०२४ पासून नव्याने येणारी पर्यटक वाहने इलेक्ट्रिकच असतील. जानेवारी येऊन गेला. मोपाच्या रांगेत आजही नव्या कोऱ्या डिझेल गाड्या दिसतात. घोषणेने भाड्याच्या गाड्या आणि टॅक्सी एकाच दावणीला बांधल्या, तिथेच ती अडली असे मला वाटते. काळ्या पाटीची रेंट-अ-कॅब, म्हणजे पर्यटकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी, रात्री हॉटेलच्या आवारात उभी राहते. पर्यटक दिवसात साठ-ऐंशी किलोमीटर फिरतो. तिला इलेक्ट्रिक करणे सोपे आहे, आणि हॉटेलला पार्किंगमागे चार प्लग लावायला सांगणे फार अवघड नाही. तिथे सक्ती कराच.

टॅक्सीवाल्याचे तसे नाही. माझा भाऊ रात्री अकराला घरी येतो, पहाटे चारच्या विमानासाठी पुन्हा निघतो. घर वाड्यावर, जोडणी सिंगल फेज, अर्थिंग आजोबांच्या काळातले. जूनमध्ये माडाची झावळी तारेवर पडली की वाडा रात्रभर अंधारात. त्याला भाडे काणकोणचे मिळेल की पालयेचे, हे विमान उतरल्यावरच कळते. त्याच्यावर ईव्हीची सक्ती केलीत तर तो ती गाडी घेणारच नाही, जुनी डिझेल ओढत राहील. त्याला तीन-चार वर्षे स्ट्राँग हायब्रिड घेऊ द्या, करसवलतीशिवाय. त्याचा हिशेब सवलतीविनाच जमतो, हे मी वर दाखवले आहे. त्या काळात विमानतळाच्या टॅक्सी तळावर वेगाने चार्ज करणारे, चालू राहणारे चार्जर उभे करा. मग सक्तीची वेळच येणार नाही.

वीज खाते तुमच्याकडे नाही हे मला ठाऊक आहे, पण ते सरकारचेच खाते आहे. खासगी कंपनीपुढे हात जोडायचा प्रश्न नाही. मंत्रिमंडळात तुम्ही शेजारी-शेजारी बसता. फ्लॅटधारकाने पार्किंगच्या जागी स्वतंत्र मीटर मागितला तर खाते किती दिवसांत देईल, सोसायटीने किती दिवसांत हरकत नोंदवायची, आणि हरकतीसाठी कोणती कारणे चालतील, एवढे एका परिपत्रकात लिहून निघाले तर फोंडा, मडगाव, ताळगाव, पर्वरीतल्या शेकडो लोकांची गाडीची निवड बदलेल. कदाचित माझीही. मी बुकिंग चवथीनंतर करणार आहे.

हायब्रिड घेतलीच तर रस्ता कर पूर्ण भरीन. परिपत्रक निघणार असेल तर त्यासोबत अर्जाचा नमुनाही मराठी-कोकणीतून वीज खात्याच्या संकेतस्थळावर टाकावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
फोंड्याची एक वाहनधारक