सेरेंगेटी कॅन्सल, आफ्रिका कॅन्सल नाही

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, आफ्रिकेतल्या जंगलांची तुमची यादी मिळाली. मसाई मारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो, अंबोसेली, चोबे, क्रूगर, आणि खाली तुमच्या टिपिकल अक्षरात "पंधरा दिवस, आरामात". ते 'आरामात' वाचून तुमचे जावई इतके हसले की विचारू नका. अहो बाबा, नकाशावर सगळं वितभर अंतरावर दिसतं, पण नैरोबीहून इथे जोहान्सबर्गला यायला नुसत्या विमानाने चार तास लागतात, आणि टांझानियातल्या अरुशाहून सेरेंगेटीच्या मध्यात पोचायचं तर अख्खा दिवस जीपमध्ये जातो, त्यातला न्गोरोंगोरोच्या पुढचा रस्ता तर कच्चा, पन्हळी पत्र्यासारखा, गाडी नुसती थडथडत राहते. ताडोबाला दोनच जिप्सी सफारी झाल्या होत्या तर आईने तिसऱ्या दिवशी रिसॉर्टवरच बसून स्वेटर विणला होता, ते आठवतंय ना?

फोनवर हे बोलायला गेलं की तुम्ही दोघं एकदम बोलता आणि आईचं म्हणणं मधेच राहतं, म्हणून लिहून पाठवतेय. निवांत वाचा. आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून दुकानातच पडलाय हे मला माहितीये.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. केनिया आणि टांझानिया या वेळी नाही, आणि कारण पैसा नाहीये, कारण आहे पिवळ्या तापाची लस. केनिया आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे आणि टांझानिया त्याला जोडूनच होणार होतं, म्हणजे अशा सहलीहून भारतात परत येताना लस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, तरुण माणसाला काही विशेष नाही, मी स्वतः घेतलीये. पण ती जिवंत विषाणूची लस आहे, आणि आईच्या सांधेवाताच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या. डॉक्टरांनी आईला सरळ नाही सांगितलं. आणि बाबा, साठीनंतर ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेतली तर क्वचित का होईना पण गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून तुमच्या बाबतीतही ते फारसे उत्साही नव्हते. तुम्ही म्हणालात "मला काही होत नाही", ते कोविडमध्येही म्हणाला होतात. शिवाय लस टाळायची म्हणून डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो तरी डासाला पत्र वाचता येत नाही.

मला माहितीये तुमचा जीव त्या नदीत अडकलाय. तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट, म्हणजे ती मोठी दाढीवाली हरणं, बरोबर झेब्रे, मारा नदीत उड्या, खाली मगरी. पण बाबा, टीव्हीवर जे पाच मिनिटांत दिसतं त्यासाठी कॅमेरावाले आठवडेच्या आठवडे काठावर बसलेले असतात. जुलै ते ऑक्टोबर हा सीझन खरा, पण कळप नदीपाशी येतात, तासन्‌तास उभे राहतात आणि बऱ्याचदा मागे फिरून चरायला लागतात, आणि तोपर्यंत आपण इतर ढीगभर गाड्यांच्या गर्दीत, खाली उतरायचं नाही, बाथरूम म्हणजे लांब कुठेतरी गाडीच्या आडोशाला. तुमचं बाथरूमचं प्रकरण दर दोन तासांचं आहे हे काय मी नव्याने सांगू? विमानाने जायचं म्हटलं तर ती छोटी विमानं, सामान पंधरा किलो, तेही हातातलं धरून आणि मऊ बॅगेतच. आईचा नुसता खाऊच पंधरा किलो होतो.

तर आता चांगली बातमी. मी इथे राहते याचा उपयोग करून घ्या ना! दक्षिण आफ्रिका पिवळ्या तापाच्या यादीत नाही. रस्ते डांबरी आहेत, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, आणि क्रूगरमध्ये आपली स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं. जीप नाही, ड्रायव्हरला घाई नाही, तुम्हाला एकाच झाडाखालच्या हत्तीकडे तासभर बघायचंय तर तासभर बघा. क्रूगर म्हणजे जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरच्या वर लांब, 1926 पासूनचं नॅशनल पार्क. तुमच्या यादीतलं हे एकटंच धरलं तरी पंधरा दिवस कमी पडतील, म्हणून आपण फक्त दक्षिणेकडचा आणि मधला भाग करायचा.

ऑगस्टमध्ये या. इथे तेव्हा थंडी संपत आलेली असते, पाऊस नाही, गवत वाळून बसलेलं, झाडांना पानं कमी, म्हणजे जनावरं लांबूनही दिसतात आणि पाणी थोड्याच ठिकाणी उरल्यामुळे ती पाण्यावर येतातच. मलेरियाचा धोकाही थंडीत सगळ्यात कमी असतो. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, त्यामुळे गोळ्या घ्यायच्या की नुसतं मलम आणि पूर्ण बाह्यांवर भागवायचं हे आईच्या डॉक्टरांना आईच्या बाकीच्या गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवून विचारायचं, मेडिकलवाल्या काकांना नाही.

सुरुवात मात्र क्रूगरने नको. तुम्ही आलात की दोन दिवस घरी झोपा काढा, मग पिलानेसबर्ग. इथून अडीच तासांवर, मलेरिया अजिबात नाही. एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीचे कंगोरे गोलाकार उरलेत आणि त्याच्या आत पार्क आहे, म्हणजे बाबांची न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखीच्या विवराची हौस थोडी तरी भागेल. यातली गंमत अशी की तिथे आधी शेती होती, 1979 मध्ये कुंपण घालून हजारो प्राणी बाहेरून आणून सोडले. मध्ये एक तलाव आहे, त्याच्या काठाला लाकडी आडोसा बांधलाय, आत बाकावर बसून पाणघोडे बघायचे. आईसाठी पहिली सफारी बसूनच असलेली बरी.

मग क्रूगर. इथून चार-साडेचारशे किलोमीटर, मधे थांबत थांबत जाऊ. राहायचं पार्कच्याच कॅम्पमध्ये, गवती छपराची गोल खोली, बाहेर ओटा, फ्रिज आणि स्वयंपाकाची सोय. आई, ऐकतेयस ना, गॅस किंवा हॉटप्लेट असलेलीच खोली मी बुक करतेय, तुझी खिचडी, पिठलं, सकाळचे पोहे सगळं होईल, "तिकडे मी खाणार काय" हा प्रश्न संपला. फक्त फ्रिजला आणि दाराला कडी लावायची, तिथली माकडं आपल्या महाबळेश्वरच्या माकडांच्या वरताण आहेत.

पहिला मुक्काम लोअर साबी. कॅम्प नदीवरच आहे, आणि गेटच्या बाहेर एक किलोमीटरच्या आत सनसेट डॅम म्हणून छोटं तळं आहे, रस्त्याला अगदी लागून. गाडी काठाशी लावायची, इंजिन बंद, थर्मासमधला चहा काढायचा. पाणघोडे, मगरी, करकोचे, पाण्यावर येणारी इम्पाला हरणं, सगळं गाडीच्या काचेतून. माझं तर स्पष्ट मत झालंय की दिवसभर दोनशे किलोमीटर गाडी हाणत फिरणाऱ्यांपेक्षा अशा एका पाणवठ्यावर ठिय्या देऊन बसणाऱ्याला जास्त दिसतं, आणि हे तुमच्या वयाचं बघून केलेलं कौतुक नाहीये, आम्ही दोघं गेलो तरी हल्ली हेच करतो. स्कुकुझा कॅम्पकडे जाताना वाटेत न्कुहलू म्हणून थांबा आहे, पुढे साताऱ्याच्या वाटेवर त्शोक्वाने, दोन्हीकडे स्वच्छ बाथरूम, चहा, खायला काहीतरी. मी रोजचा रस्ता या थांब्यांवरूनच आखलाय, बाबा, टेन्शन घेऊ नका. या थांब्यांशिवाय गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही हा नियम मात्र कडक आहे, फोटोसाठी खिडकीतून अर्धं बाहेर लटकणंही चालत नाही, हे वाक्य बाबांना दोनदा वाचून दाखव आई.

हो, वर सातारा लिहिलंय ते बरोबर वाचलंत. क्रूगरच्या मध्यभागी सातारा नावाचाच कॅम्प आहे, आणि कराडच्या माणसांना तिथे मुक्काम न करता परत पाठवलं तर पाहुणे मला हसतील. तिथलं रान मोकळं, गवताळ, सिंहांसाठी सगळ्यात चांगला भाग हाच मानतात आणि चित्तासुद्धा मोकळ्या माळावर दिसायची शक्यता असते. कुनोला फेब्रुवारी 2023 मध्ये जे बारा चित्ते विमानाने गेले ते याच देशातून. बाबा, तुम्ही तेव्हा पेपरचं कात्रण काढून ठेवलं होतं, ते आहे का अजून? साताऱ्याहून एक दिवस ओलिफंट्स कॅम्पवर जाऊन येऊ, तिथे उंच कड्यावर बसायला जागा आहे आणि खाली नदीचं सगळं पात्र दिसतं.

एक अपेक्षा मात्र कमी ठेवा. गेंडे दिसले तर बऱ्याच जणांना शिंग नसेल. शिकाऱ्यांनी मारू नये म्हणून पार्कवालेच बेशुद्ध करून शिंग कापतात, ते आपल्या नखांसारखं परत वाढतं, पण बघायला विचित्र वाटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता वाटतं जिवंत आहे ना, पुरे.

आता पुढचा भाग तुमच्यावर सोडतेय, कारण आमच्या घरात यावर एकमत होत नाहीये. क्रूगरनंतर दोनपैकी एकच ठिकाण होईल. दोन्ही करू म्हणालात तर पुन्हा ती "आरामात"वाली यादी होईल.

एक, डर्बन आणि ह्लुह्लुवे-इम्फोलोझी. 1895 साली राखीव केलेलं, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी. त्या सुमाराला दक्षिणी पांढरे गेंडे शंभरसुद्धा उरले नव्हते आणि जे होते ते इथेच. साठच्या दशकात तिथले वनाधिकारी इयान प्लेअर आणि त्यांच्या लोकांनी इथून गेंडे पकडून दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली, आज जगात कुठेही दक्षिणी पांढरा गेंडा दिसला तर त्याचं मूळ गाव हेच. डोंगराळ आहे, हिरवं आहे, तुम्हाला कोयनेची आठवण येईल. आणि डर्बनहून पीटरमॅरित्सबर्गचं स्टेशन जवळच, जिथे 1893 मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं. बाबा, तुम्ही शाळेत दरवर्षी तो धडा शिकवायचात, त्या प्लॅटफॉर्मवर तुम्हाला उभं करावं असं तुमच्या जावयांचं मत आहे.

दुसरं, आडो, हत्तींचं पार्क. हे माझं लाडकं. 1931 मध्ये पार्क झालं तेव्हा तिथे फक्त 11 हत्ती उरले होते, आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी भांडण, बाकीचे गोळ्या घालून मारलेले. मग 1954 मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने ट्रामचे जुने रूळ आणि लिफ्टच्या तारा वापरून कुंपण केलं, हत्तीला तोडता येईना, तेव्हा कुठे ते टिकले. आता सहाशेच्या वर आहेत. त्यांना आत धरून ठेवायला पूर्वी संत्री टाकायचे, हत्तींना त्याची चटकच लागली, आणि आजही आडोत लिंबू-संत्रं न्यायला बंदी आहे, म्हणजे आईच्या पर्समधलं गाडी लागल्यावरचं लिंबू गेटबाहेर. रस्त्यावर पाट्या आहेत की शेणकिड्यांना आधी जाऊ द्या. मलेरिया शून्य, पार्क आटोपशीर, आणि हत्तींचे कळपच्या कळप पाण्यावर, बच्च्यांसकट. आई, तुला हत्ती सोडून बाकी कशात फार रस नाहीये हे मला माहितीये, तू नुसतं बाबांसाठी "सिंह सिंह" करतेस.

कामाचं. तिकीट दुबई किंवा दोहामार्गे बघतेय. अदिस अबाबा नाहीतर नैरोबीमार्गे स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, ते देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत आणि विमान चुकून तिथे बारा तासांवर अडकलात तर इथे उतरल्यावर लशीचं प्रमाणपत्र मागतील. पासपोर्टमध्ये व्हिसासाठी दोन कोरी पानं पाहिजेत, बाबांच्या पासपोर्टची मुदत बघून मला फोटो पाठवा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. पहाटे गाडीत चांगलीच थंडी वाजते, कानटोपी आणा, फोटोत कसे दिसाल याची काळजी करू नका. दुर्बीण आणू नका, इथे दोन आहेत, बाबांची ती जुनी एका डोळ्याने धूसर दिसते.

कॅम्पच्या खोल्या भराभर संपतात, ऑगस्टच्या तर फारच लवकर, त्यामुळे क्रूगरचं मी या आठवड्यात पैसे भरून टाकतेय, त्यावर चर्चा नाही. हत्ती की गेंडे हे तेवढं रविवारी सांगा. आणि फोनवर आधी आईला बोलू द्या.

तुमची,
ताई