त्याला धर्मयुद्ध म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी मध्ययुगात काढलेल्या मोहिमांवरचा (क्रुसेड्स) लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण मी मथळ्यातल्या ‘धर्मयुद्ध’ या शब्दापाशीच अडलो. शाळेत इतिहास शिकवताना मीही वर्षानुवर्षे फळ्यावर हाच शब्द लिहिला, म्हणून आधी स्वतःचाच कान धरतो.

महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेले युद्ध वाटते. सूर्य मावळला की शस्त्र खाली, निःशस्त्रावर वार नाही. १५ जुलै १०९९ रोजी तटावर चढून जेरुसलेममध्ये शिरलेल्या फौजेने मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली. तिला हा शब्द कसा लावायचा? ‘क्रूसयुद्ध’ हा साधा शब्द आपल्याकडे आहेच.

शिवाय दर वेळी लढाई ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान अशीच होती, असेही नाही. चौथी मोहीम निघाली इजिप्तच्या रोखाने. व्हेनिसच्या जहाजांचे पैसे भागेनात, त्यात गादीवर हक्क सांगणाऱ्या एका राजपुत्राने पैशांचे आमिष दाखवले आणि १२०४ मध्ये लुटले गेले ते कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे ख्रिस्ती सम्राटाची राजधानी! तिथून पळवलेले चार घोड्यांचे पुतळे आजही व्हेनिसला सेंट मार्कच्या चर्चमध्ये आहेत.

अरब बखरकार या स्वाऱ्यांना क्रूसयुद्धही म्हणत नव्हते. त्यांच्या लेखी आलेले लोक ‘फ्रंज’, म्हणजे फ्रँक. आपला ‘फिरंगी’ त्याच कुळातला.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. लेख ११८७ मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतले तिथून थेट १२९१ मध्ये ख्रिस्ती लोकांच्या ताब्यातले अक्का हे बंदर पडले तिथे उडी मारतो. मधले १२२९ साल गाळले आहे. त्या वर्षी युरोपातला पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांनी बोलणी करून दहा वर्षांचा तह केला. जेरुसलेम ख्रिस्ती लोकांकडे गेले, अल-अक्सा मशीद आणि खडकावरच्या घुमटाची पवित्र वास्तू मुसलमानांकडेच राहिली. शहरासाठी लढाई झाली नाही. सुलतानाला स्वतःच्या भावाबंदांची भीती होती. तिकडे पोपने फ्रेडरिकला आधीच वाळीत टाकले होते, त्यामुळे त्यालाही काहीतरी पदरात पाडून लवकर घरी परतायचे होते. सज्जनपणा म्हणा किंवा अडचण, पण रक्त सांडले नाही.

याचे कौतुक कोणाला? दमास्कसच्या मशिदीत सुलतानाच्या नावाने बोटे मोडली गेली. जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मगुरूने तर बहिष्कृत सम्राट आला म्हणून शहरातली उपासनाच बंद ठेवायला लावली. फ्रेडरिक अक्क्याहून परत निघाला तेव्हा पहाटेच बंदराची वाट धरून गुपचूप जाण्याचा त्याचा बेत होता. वाट खाटकांच्या आळीतून होती. त्यांनी त्याच्या अंगावर जनावरांची आतडी फेकली. फेकणारे ख्रिस्तीच होते.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे छापले आहे. त्यात या तहाला चार ओळी मिळाव्यात, आणि जमल्यास मथळा बदलावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा