‘यांत्रिक क्षमता २१ टक्के’ : करिअर चाचणीच्या अहवालाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
करिअर चाचणी व समुपदेशन कंपनी, पुणे

विषय : सदोष अहवाल मागे घेऊन ₹५,९०० परत मिळण्याबाबत

महोदय,

विट्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा यंदा दहावी पास झाला. तुमच्या प्रतिनिधीने त्याच्या शाळेत येऊन ‘मुलात काय दडलंय ते शास्त्रीय पद्धतीने सांगतो’ असं सांगितलं, म्हणून १८ मे रोजी ₹५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹५,९०० ऑनलाइन भरले. पावती सोबत जोडली आहे.

तीस पानी रंगीत अहवाल आला. त्यात मुलाची यांत्रिक क्षमता २१ टक्के, आणि शिफारस जनसंपर्क, इव्हेंट मॅनेजमेंट यांची. हा मुलगा सबमर्सिबल पंपाच्या मोटरची जळालेली कॉइल काढून, वेढे मोजून, नवी भरतो. मी फक्त शेवटचं टेस्टिंग बघतो. म्हणून शंका आली आणि त्याने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते त्याच्या शेजारी बसून पाहिलं.

साठ प्रश्न, आणि सगळे ‘आवडतं, आवडत नाही, सांगता येत नाही’ या तीन बटणांचे. ‘यंत्र दुरुस्त करणे’ला त्याने ‘आवडत नाही’ दाबलं होतं. का, विचारलं तर म्हणाला, ‘पप्पा, अख्खी सुट्टी दुकानात गेली.’ खरं आहे. मित्र क्रिकेट खेळत असताना वार्निशच्या वासात बसणं कोणत्या पोराला आवडेल? चाचणी मराठीत मिळेल असं सांगितलं होतं, लिंक आली इंग्रजीची. जिथे शब्द कळला नाही तिथे ‘सांगता येत नाही’. त्याचेही गुण तुम्ही कापलेत.

माझा मुद्दा एवढाच : तुम्ही विचारलीत आवड आणि छापलीत क्षमता. अहवालात ज्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचं नाव आहे, त्यांनी १९५९ साली मांडलेला सिद्धांत माणसाचा कल आणि कामाचं वातावरण यांचा मेळ घालण्याचा आहे. हाताला काय जमतं ते पाहायचं तर वेळ लावून आकृत्या, आकडे, यंत्रांची कोडी सोडवायला द्यावी लागतात. तुमच्या चाचणीत असा एकही प्रश्न नव्हता. राज्य सरकारने २०१६ साली दहावीच्या मुलांची फुकट चाचणी घेतली, तिचं नाव तरी सरळ ‘कलचाचणी’ होतं.

समुपदेशन ४५ मिनिटांचं ठरलं होतं, झालं ११ मिनिटं. त्यातली निम्मी तुमच्याच ₹८५,००० च्या फाउंडेशन कोर्सची माहिती ऐकण्यात गेली. मी आकड्यांबद्दल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, बोटांच्या ठशांची चाचणी करा, ₹४,५०० जादा, म्हणजे पक्कं कळेल. ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही, हे भारतीय मानसोपचार संघटनेने २०१९ मध्येच जाहीर केलेलं आहे. तुम्हाला ते ठाऊक नसेल असं वाटत नाही.

पैशाचं दुःख आहेच. पण आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा फॉर्म भरायचं ठरलेला मुलगा आता म्हणतो, ‘मला ते जमणार नाही असं आलंय.’ आठ दिवस झाले, दुकानाची पायरी चढलेला नाही. त्याची आई अहवाल देवघराशेजारच्या कपाटात ठेवते, मेव्हणे येऊन पानं उलटतात आणि मान हलवतात. छापील टक्केवारीपुढे माझं कोण ऐकणार?

तरी पंधरा दिवसांत ₹५,९०० परत करावेत आणि या चाचणीतून क्षमता मोजली जात नाही, फक्त आवड कळते, असं लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्यावं. दुसरी मागणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, ते पत्र मला मुलाला दाखवायचं आहे. तसं न झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, ते विचारून ठेवलं आहे.

उत्तर मराठीत पाठवावे.

आपला,
एक पालक
विटा, जि. सांगली

सोबत : पावती, अहवालाची प्रत, उत्तरांचे स्क्रीनशॉट