काळ्या फडताळाबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर हसत म्हणालीस, "आई, म्युझियममध्ये त्या काळ्या फडताळासमोर एवढा वेळ काय बघत होतीस गं?" तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून आता लिहिते.

फडताळ म्हणालीस ते अगदीच खोटं नाही. अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हल्सनचं १९५८चं ‘स्काय कॅथीड्रल’ हे शिल्प म्हणजे एकावर एक रचलेली खोकीच. ११ फुटांहून उंच, १० फूट रुंद, खोली जेमतेम दीड फूट. पण तू आत डोकावलीस कुठे? खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे कातीव दांडे, नक्षीच्या पट्ट्या, मधेच एखादी नुसती ढलपी. टाकाऊ लाकूड सगळं, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून गोळा केलेलं. त्यावर एकच काळा रंग, चमक नसलेला. त्यामुळे कुठला तुकडा बड्या घरचा आणि कुठला फुटकळ, पत्ता लागत नाही. लाकूड कुठे संपतं नि सावली कुठे सुरू होते, तेही नाही. मी जरा डावीकडे सरकले की एक कप्पा बुजायचा, शेजारचा उघडायचा. ती स्वतःला सावल्यांची वास्तुशिल्पी म्हणवून घ्यायची. मिजास आहे खरी, पण तिला शोभते.

लाकडाशी नातं तिच्या घरातलंच. १८९९ साली कीव्हजवळच्या ज्यू कुटुंबात जन्म, १९०५मध्ये अमेरिकेत, मेन राज्यातल्या रॉकलंडला. वडिलांनी तिथे लाकूडतोड केली, भंगार विकलं, पुढे लाकडाची वखार टाकली. नाव झालं ते मात्र साठी जवळ आल्यावर.

एक गोष्ट मला खटकते. १९३१मध्ये नऊ वर्षांच्या मुलाला माहेरी ठेवून ती शिकायला म्युनिकला गेली. लोक हे ‘कलेसाठी केलेला त्याग’ म्हणून सांगतात. त्याग कुणाचा, ते त्या पोराला विचारायला हवं होतं. गंमत बघ, पुढे तोही शिल्पकार झाला, आणि तोही लाकडातच रमला! मी तिला माफ करणारी कोण? पण त्या खोक्यांपुढून माझा पाय निघेना, हेही खरंच.

उन्हाळ्यात मेनला जाणार आहात ना? रॉकलंडच्या फार्न्सवर्थ म्युझियममध्ये तिची बरीच कामं आहेत. जावईबापूंना गाडी तिकडे वळवायला सांग. फोटो पाठवशील ते बाजूने काढ. समोरून काढलास तर खरंच फडताळ दिसेल.

तुझी,
आई