नाव नसलेलं पार्टिशन रिकामं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून आपल्या पुरवणीसह जिथं तिथं एकच सल्ला वाचायला मिळतो: जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका, विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवा. सल्ला रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा मशीनमधला सुरक्षेचा भाग लागतो, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. आमच्याकडच्या अनेक घरांतली आणि कारखान्यांच्या ऑफिसांतली मशीनं तिथंच नापास होतात. पण या लेखांत ‘डिस्कचं पार्टिशन करून घ्या’, म्हणजे एका डिस्कचे वेगवेगळे विभाग पाडा, एवढ्यावर विषय उरकतात, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइनं कॉम्प्युटरवर करून देतो. माझं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पुतणी इंजिनिअरिंगला आहे, तिला प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स हवं. घरात मशीन एकच, त्यामुळं दोघांचं काम एकाच ५०० जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर चालतं. (विंडोज तिला ४६५ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलं असं समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की डिस्कची आडवी पट्टी दिसते. ती डावीकडून वाचावी. आमच्याकडं सुरुवातीला १०० एमबीचा ईएफआय विभाग आहे. एवढासा दिसतो, पण विंडोज आणि लिनक्स दोन्ही सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. त्यामागं १६ एमबीचा मायक्रोसॉफ्टचा राखीव तुकडा असतो, तो या पट्टीत दिसतही नाही. मग सी, ज्यात विंडोज. त्याला चिकटून विंडोज दुरुस्तीचा रिकव्हरी विभाग. मग डी, ज्यात माझी डिझाइनं. आणि शेवटी एक मोठा तुकडा, ज्याला ना अक्षर, ना नाव. तेच लिनक्स. त्याची फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवायची पद्धत, ईएक्सटी-४, आणि विंडोजला ती वाचता येत नाही. म्हणून पट्टीत ती जागा कोरी दिसते.

सी भरत आली, तिची पट्टी लाल झाली म्हणून मशीन दुकानात दिलं होतं. दुकान कुठलं ते लिहीत नाही, कारण असं कुठंही होऊ शकतं. तिथल्या पोरानं शेवटचा कोरा तुकडा पाहिला आणि जागा सीला जोडायची म्हणून सरळ डिलीट मारलं. खरं तर विंडोज अशा वेळी विचारतं: हे पार्टिशन विंडोजनं केलेलं नाही, यात दुसऱ्या सिस्टिमचा डेटा असू शकतो, काढू का? प्रश्न इंग्रजीत असतो, ‘यस’चं बटण समोर असतं आणि दुकानात गर्दी असते. पुढं काय झालं? सीवर ‘एक्स्टेंड’चा पर्याय करडाच राहिला. कारण सी वाढते ती फक्त तिच्या लगतच्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत, आणि इथं मधे रिकव्हरी आणि डी उभे. त्या अडथळ्यानंच आम्हाला वाचवलं.

मशीन परत चालू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द आणि लुकलुकणारी रेघ. दुकानातून निदान आलं, ‘हार्ड डिस्क गेली, सगळं फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.’ संपादक महोदय, डिस्कला काहीच झालेलं नव्हतं. ग्रब म्हणजे सुरुवातीला ‘विंडोज की लिनक्स’ विचारणारा प्रोग्रॅम. त्याची पुढची माहिती लिनक्सच्या पार्टिशनमधे असते, तेच दिसेना म्हणून तो तिथंच थांबला. घरी आणून, मशीन सुरू होताना बूट मेन्यूची की दाबून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलं आणि विंडोज नेहमीसारखं उघडलं. सगळी डिझाइनं जागेवर. फॉरमॅटला होकार दिला असता तर दिवाळीच्या ऑर्डरीसकट सगळं गेलं असतं.

लिनक्सही परत आलं, ते कसं हे सांगतो. पार्टिशन टेबल म्हणजे अमुक सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) तमुक सेक्टरपर्यंत कोणाची जागा, याची नोंद. सातबारा फाडला म्हणून रान वाहून जात नाही, तसंच इथं. नोंद पुसली गेली, आतला मजकूर तसाच होता. पुतणीनं पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि टेस्टडिस्क नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं जुन्या हद्दी शोधून परत लिहिल्या. मात्र हे जमलं ते त्या जागेवर नवीन काही बनवलं नव्हतं म्हणून. तिथं नवी ई ड्राइव्ह करून फॉरमॅट केली असती तर एसएसडीवर परतीची आशा जवळपास संपते. म्हणून पार्टिशन चुकून उडालं तर पहिलं काम म्हणजे मशीन बंद करणं.

‘चालू होत नाही’ म्हणजे ‘पुसलं गेलं’ नव्हे. ऑगस्ट २०२४ मधे विंडोजच्याच एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक ‘ड्युअल बूट’ मशीनवर लिनक्स सुरू होईना. तेव्हाही डेटा सुरक्षितच होता, अडलं होतं ते सुरू होताना. अशा वेळी कोणी लगेच फॉरमॅटची भाषा केली तर मशीन उचलून घरी आणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक समज आपल्याकडं घट्ट आहे: महत्त्वाचं सगळं डीमधे ठेवा, सी उडाली तरी चालेल. नवं विंडोज टाकताना हे खरं ठरतं. डिस्कच बंद पडली तर सी, डी आणि लिनक्स एकत्रच जातात. डी ही बॅकअप नव्हे. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हवा आणि ती डिस्क मशीनला कायम जोडलेली नको.

बारीकसारीक कटकटीही दुकानात भलत्याच दुरुस्तीवर जातात. लिनक्सवरून डीमधे फाइल सेव्ह होत नाही, तेव्हा बहुतेकदा कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ असतं. शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि असं अर्धवट ठेवलेलं पार्टिशन लिनक्स फक्त वाचायला उघडतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ती सोय बंद केली की प्रश्न मिटतो. दुसरं, लिनक्स वापरून आलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. ओळखीच्या एकांना यावर सेल बदलून दिला होता! सेलचा काही संबंध नसतो, सेटिंग बदलायचं असतं. पार्टिशनची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीनं ठेवणाऱ्या डिस्कवर चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशनं होतात, तेव्हा तिथं चारही भरलेली असतील तर लिनक्सला जागा का मिळत नाही म्हणून डोकं धरू नये. आणि नवीन लॅपटॉपवर पुष्कळदा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, आधीच चालू असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंतच्या कॉम्प्युटरवाल्यांना माझी विनंती आहे. दुरुस्तीला मशीन घेताना मालकासमोर डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि बिलाच्या मागं चार ओळी लिहा, कुठला तुकडा कशाचा आणि कशाला हात लावायचा नाही. जॉबकार्डवर चार्जर, बॅग, पासवर्ड सगळं लिहिता, त्यात ही एक ओळ जड नाही. आणि जी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना लिनक्स बसवायला सांगतात, त्यांनी इन्स्टॉल करण्याआधी मुलांकडून त्यांच्या डिस्कची पट्टी वहीत काढून घ्यावी. मुलं हे घरच्या मशीनवर करतात आणि त्याच मशीनवर वडिलांचे हिशेब असतात.

आपल्याकडंही एक मागणं आहे. पुरवणीत पुन्हा हा विषय आला तर डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीचं मोठं चित्र छापा आणि प्रत्येक तुकड्याखाली मराठीत लिहा. आमच्या भागातली दुकानं ते कापून काउंटरला चिकटवतील.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर