बॅग लावायला शिकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, फोन करणार होतो पण बोलताना घसा दाटून येतो, म्हणून लिहितोय.

आतड्याच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी टाक्यांतून हिरवट पाणी यायला लागलं, मला वाटलं पू असेल, डॉक्टर म्हणाले फिस्टुला झालाय. घरच्यांनी ऐकलं ते भगंदर! ते गुदद्वाराजवळचं, हे वेगळं, इथे आतड्यातून थेट पोटाच्या कातडीपर्यंत वाट झालीये, हे तुम्हीच कागदावर आतडं काढून समजावलंत. आणि असे बहुतेक फिस्टुले ऑपरेशननंतरच होतात, बाकीचे क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार), टीबी, कॅन्सर, रेडिएशन असल्या कारणांनी, हेही. (आई स्वतःलाच दोष देत होती, घाईने भरवलं म्हणून. ते ऐकल्यावर त्या रात्री झोपली ती.)

माझा हट्ट एकच, पोट परत उघडा आणि शिवून टाका. तुम्ही न चिडता रोज तेच सांगायचात, आत सगळं सुजलंय, आतडी एकमेकांना चिकटलीयेत, आत्ता हात घातला तर नवीन भोकं पडतील, आधी इन्फेक्शन जाऊ दे, अंगातलं पाणी आणि सोडियम-पोटॅशियम भरून निघू दे, मग बघू. फिस्टुलातून दिवसाला 500 मिलीच्या वर पाणी गेलं की हाय आउटपुट, माझं 700. तोंडाने काही नाही, सगळं पोषण टीपीएनने शिरेतून.

पण खरा छळ कातडीचा होता. त्या पाण्यात पाचक रस, ते लागेल तिथे कातडी सोलवटायची, आणि ते पाणी गोळा करायला पोटावर चिकटवलेली बॅग दिवसातून चारदा सुटायची. एकदा पहाटे तीनला चादरीसकट भिजलो, रडलो, तर तुम्ही काही न बोलता प्लॅस्टिकच्या कागदावर जखमेचा आकार गिरवलात, तुमच्या खिशातल्या वाकड्या कात्रीने बॅगची चकती बरोब्बर तेवढीच कापलीत, पावडर, पेस्ट, आणि वरून तळहात ठेवून गप्प बसून राहिलात, ऊब लागली की घट्ट बसते म्हणे. ती बॅग दोन दिवस टिकली! पुढच्या वेळी कात्री माझ्या हातात दिलीत.

मग वहीत आकडे उतरत गेले, 450, 180, 40. सगळ्यांचं असं आपोआप बंद होत नाही हे माहितीये, शेजारच्या बेडवरच्या काकांना पुढे आतड्यात अडथळा निघाला, त्यांचं ऑपरेशन आता काही महिन्यांनी, पोट मऊ झाल्यावर. माझी बॅग मात्र सहाव्या आठवड्यात कोरडी निघाली, मी दोनदा उजेडात धरून बघितली.

कात्री माझ्याकडेच राहिलीये. फॉलोअपला येताना आणतो.